गट ब

पाकीट मीच उचललं, टेबलावरच्या ढिगातून.
डॉक्टर नवाल म्हणाल्या, चिठ्ठीच आहे, मनाला लावून घेऊ नका.
आत दोनच शब्द: गट ब.
म्हणजे बारा आठवडे थांबायचं,
फक्त फॉर्म भरायचे.
तुमच्यावरून कळेल, उपचार न करता काय होतं ते.

मला हसू आलं. ते तर
अल खुवैरच्या तिसऱ्या मजल्यावर
सोळा वर्षं दाखवतेय मी.
संकष्टी, गुरुवार, दोन्ही एकादश्या:
माझ्या न जेवण्याला देवांची नावं होती,
कुणी बोट ठेवलं नाही.
उलट सासूबाई फोनवर सगळ्यांना सांगत,
मस्कतात राहून किती पाळते बघा.

दर बुधवारी सहाला गट अ वर जायचा.
आम्ही खाली, फॉर्म देऊन, टॅक्सीची वाट बघत.
समोर टपरी. हॉर्न दिला की गाडीशी चहा येतो;
आमच्याकडे गाडी नव्हती
म्हणून प्लास्टिकच्या खुर्च्या मिळाल्या.

शम्सा म्हणाली, रमजानात मी सुखी असते,
दिवसभर कुणी विचारत नाही.
मग मगरिबची बांग होते
आणि एका थाळ्याभोवती बारा जणं माझ्या हाताकडे बघतात.
मेरिविकने घरी पाठवायच्या पैशांचा हिशेब सांगितला,
त्यात जेवणाचा रकानाच नव्हता.
बिन्सी कप धरून बसली.
मी उपासांचं सांगितलं. मोडक्या हिंदीत सांगताना
ते पहिल्यांदा मलाच ऐकू आलं.

चौथ्या की पाचव्या बुधवारी
टपरीवरच्या पोराने न विचारता पराठा आणला,
आत चीज, चुरलेल्या चिप्स,
चार तुकडे, कागदावर.
वर खिडकीत गट अ गोल बसलेला दिसत होता.
म्हटलं तर आम्हीही गोलच होतो.
पार गार झाल्यावर मी माझा तुकडा खाल्ला.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं.

शेवटी डॉक्टर नवालनी आकडे लावले
आणि चष्मा काढून डोळे चोळले.
दोन गटांत हवा तेवढा फरक येत नाहीये.
मधल्या काळात तुम्ही वेगळं काही केलंत का?
मेरिविक माझ्याकडे बघू लागली, मी शम्साकडे.
चहा, मी म्हटलं.
त्यांनी ते लिहून घेतलं, खाली रेघ ओढली;
चूक म्हणून की महत्त्वाचं म्हणून, कळलं नाही.

बिन्सी नवव्या आठवड्यानंतर आली नाही.
तिच्या नावापुढे लिहिलंय: संपर्क नाही.
बुधवारी चौथी खुर्ची आम्ही ओढून ठेवतो.
पोरगा अजून पराठ्याचे चारच तुकडे करतो.
उरलेला कुणी खायचा,
ते काही ठरत नाही.