पडलो तरी

पडण्याचे मला पैसे मिळतात.
चढण्याचे नाही, लढण्याचे नाही,
जिंकण्याचे तर नाहीच नाही;
त्यासाठी वेगळा माणूस आहे, त्याचे दात छान आहेत.

नाव व्हेंदेलीन स्कोपाल, मुक्काम मोराव्हिया.
कंत्राटात माझं पद : बॅरनचं शरीर.
चेहरा दुसऱ्याचा.
तो मिशी पिळतो, गुरगुरतो,
हाडकं चघळून कुत्र्यांकडे भिरकावतो,
आणि शिरस्त्राणाची झडप खट्‌कन मिटली
की आत मी.

गोष्ट साधी आहे. राजाच्या मुदपाकखान्यातला एक आचारी
चुकून सरदारांच्या झुंजीत नाव नोंदवतो.
ढालीऐवजी परातीचं झाकण.
ध्वजावर भाजलेलं बदक.
लोक हसतात, राजकन्या हसते,
शेवटी मी पडतो.

बीटच्या शेतात उभं केलंय मैदान.
तंबूंना पट्टे, पट्ट्यांना ओला रंग,
गर्दीत आमचंच गाव : निवृत्त पोस्टमन झाला बिशप,
दंतवैद्यीण बाई झाली कुष्ठरोगी, आणि खूश आहे.
'घड्याळं काढा!' कुणीतरी कर्ण्यातून ओरडतं.
बिशप दरवेळी विसरतो.

भाला आतून पोकळ.
टोकात भुसा आणि बिस्किटांचा चुरा,
म्हणजे फुटला की कसा धुरळा उडतो!
माझी घोडी श्वेस्त्का, वय एकोणीस,
तिला बिस्किटांचा वास लागला
आणि ऐन दौडीत ती थांबली.
सगळे विचारतात, घोडं पेंड खातंय कुठे?
पेंड नव्हे हो, बिस्किटं. तिथेच, कुंपणापाशी.

नायक घोड्यावर बसतच नाही.
त्याला पिंपावर बसवतात, पिंप ट्रकवर,
दोन पोरं पिंप हलवतात, तिसरा तोंडावर वारा सोडतो.
तो डोळे बारीक करतो. मान्य करतो मी,
इतकं शूर मला कधी दिसता आलं नाही
खऱ्या घोड्यावरसुद्धा.

सतरा वेळा पडलो.
पहिल्यांदा फार लवकर. दुसऱ्यांदा ढग आला.
पाचव्यांदा दूरवर ट्रॅक्टर. नवव्यांदा छान पडलो,
इतका छान, की दिग्दर्शक म्हणाला, 'सुंदर!
पण जरा कमी सुंदर हवं.'
बाराव्या वेळेला बिशपचं घड्याळ वाजलं.
सतराव्या पडण्याला टाळ्या मिळाल्या.
पुढे असं की, मी पडलेला असतानाच
राजकन्या धावत येते, चुंबन वगैरे,
आणि मी चौकटीच्या कोपऱ्यात, हलायचं नाही.
एक मुंगी झडपेतून आत आली.
ती माझ्या नाकावरून चालत गेली, घाई नव्हती तिला.
हललो नाही.
पडलो तरी नाक वर म्हणतात,
माझं होतं खरोखरच वर, आणि वर मुंगी.

सिनेमा हिवाळ्यात लागला, तालुक्याच्या गावी.
आईला घेऊन गेलो. तिने चांगला कोट घातला,
पिशवीत दोन सफरचंदं, एक चाकू.
माझं नाव शेवटी येणार होतं, स्वयंपाक्यांच्या खाली,
श्वेस्त्काच्या वर.
मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, मी कोणता ते.

भाला फुटला, धुरळा उडाला, थिएटर खिदळलं,
आणि अंधारात आई शेजारणीला मोठ्याने म्हणाली,
'हा आमचा व्हेंदा!
नासपतीच्या झाडावरून अस्साच पडला होता,
डावं कोपर आधी.'

मागून कुणी शुक्‌ केलं.
पडद्यावर राजकन्या, ओठ, व्हायोलिनं,
शेजारीण डोळे पुसत होती.
आई मात्र पुढे वाकली, पुढच्या खुर्चीला हात टेकून,
चुंबनाच्या पलीकडे, खाली, उजवीकडे बघत.

'अजून उठला का नाही रे तो?'