चौथी शिट्टी

पानवलकर म्हणायचे, रात्र फुकट असते.
रात्रीला कुणीही घाबरतं, त्यात दिग्दर्शकाचं काय?
मला दुपार द्या. सहकारनगरातली, मे महिन्यातली,
अडीच वाजताची.
पंखे पाचावर, अख्खी सोसायटी वामकुक्षीत,
आणि तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी
चटणीसाठी मिक्सर लावलाय.
आता तो मिक्सर थांबवा, म्हणायचे. मध्येच.
आणि चटणीचा वास येऊ देऊ नका.

वास कसा थांबवायचा ते मी विचारलं नाही.
मी साउंडवाला. रोजचे बाराशे,
तेही उधारीवर.

भूत व्हायला नारायणगावहून एक मुलगी आली होती,
नीलम शेवते. तीन तास मेकअप,
तांदळाचं पीठ, डिंक, मनगटावर निळ्या शिरा.
शिरा फार छान जमल्या होत्या.
पहिली जोडणी झाल्यावर नऊ जणांना बोलावलं
कर्वेनगरात, एडिटरच्या हॉलमध्ये, सतरंजीवर.
भूत आलं तेव्हा एकजण हसला,
दुसऱ्यानं चिवड्याची वाटी पुढं सरकवली.
पण त्याच्या जरा आधी
पडद्यावर नुसतं स्वयंपाकघर होतं,
कुकरची तिसरी शिट्टी झाली
आणि गॅस बंद करायला कुणी आलं नाही,
आणि चौथी झाली,
तेव्हा आतल्या खोलीत कोडं सोडवत बसलेली एडिटरची आई
पेन हातात तसंच धरून उठली
आणि स्वतःच्या ओट्याजवळ जाऊन बघून आली.

त्या रात्री पानवलकरांनी भूत कापलं.
नीलमला स्वतः फोन केला, पैसे पूर्ण दिले.
तू वाईट नव्हतीस गं, म्हणाले,
तू दिसत होतीस, एवढंच.

चपलांचंही त्यांचं एक होतं.
दाराबाहेर चार जोड, घरात माणसं तीन.
कॅमेरा तिकडं न्यायचा नाही, हं!
नेलास तर तू सांगितलंस,
आणि सांगितलेल्याची भीती वाटत नाही, राग येतो.
कोपऱ्यात पडू दे.
ज्याला मोजायची खोड आहे तो मोजेल
आणि शेजारच्याला सांगणार नाही.

शेवटच्या दिवशी फ्लॅट रिकामा करून सगळे टेम्पोतून गेले.
मी मागं थांबलो.
प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते,
ती मिनिटभर भरून घ्यावी लागते,
नाहीतर दोन वाक्यांच्या मधे भोक पडतं.
फ्रिजची पिन काढली, पंखा बंद,
तळजाईकडं एक मोर ओरडत होता, तो दमेपर्यंत बसलो.
मग एक मिनिट. मग आणखी एक, सवयीनं.

स्टुडिओत ऐकलं तर श्वास.
हळू, नाकातून, झोपलेल्या माणसाचा असतो तसा.
माझाच असेल सर, म्हणालो, चुकलं.
पानवलकरांनी डोळे मिटून पुन्हा लावायला सांगितलं.
मग विचारलं,
रेकॉर्ड करताना तू श्वास रोखत नाहीस?

रोखतो, मी म्हणालो.
एकवीस वर्षं रोखतोय.

ते काही बोलले नाहीत. खाली चहा सांगितला, दोन.
पोऱ्यानं तीन आणले.
आम्ही दोघांनीही त्याला काही म्हटलं नाही,
पानवलकरांनी तिन्हीचे सुटे मोजून दिले,
हिशेब बरोबर असल्यासारखे.
तिसऱ्या कपावर साय धरली,
आम्ही पुढचा सीन लावला.

सिनेमा पडला. दोन थिएटरं, आठवडाभर,
आणि तोही सकाळचा खेळ.
एका पेपरनं लिहिलं, भूत कुठाय?
पानवलकरांनी ते कात्रण फ्रेम करून घेतलं म्हणतात,
मी पाहिलेलं नाही.

माझे बारा दिवसांचे अजून यायचेत.
मागायला जायला हवं.
पण ते आता फक्त दुपारी भेटतात.