दहावं प्रकरण

पिंपळनेरच्या शाळेत पेटी क्रमांक चार होती,
तिचं कुलूप भामरे सरांच्या पेनाच्या टोपणानं उघडायचं.
आत पुस्तकं कमी, झुरळांची अंडी जास्त.
तिथंच सापडलं ते, मुखपृष्ठ नसलेलं,
उलट्या चपला घालणाऱ्या एका पोरीचं
आणि तिच्या वर्गातल्या उपद्व्यापी दोस्तांचं.

प्रकरणं दहा. मधल्या सुट्टीत रोज एक,
हौदामागे, आम्ही तिघं.
वाचायची मी.
सुपडूला जोडाक्षरं अडायची,
म्हणून तो नुसते आवाज द्यायचा,
मुख्याध्यापकांना बोकडाचा.
त्याच्या कंपासपेटीत कंपास नव्हता,
मेलेले सोनकिडे होते, प्रत्येकाचं बारसं झालेलं.
आणि रज्जाक पिंजारी.
केसांत बारमाही कापूस,
खोटं बोलण्याआधी तीन शिंका.
नेमक्या तीन.
सर त्याला छडी दाखवत नसत,
नुसतं विचारायचे आणि मोजायचे.

गच्च्यांवर बिबडे वाळत होते तेव्हा
नववं प्रकरण संपलं.
चपलावाली पोर दार उघडते, आणि
मी पान उलटलं.
पुढे वाळका डिंक,
शिवणीचा सुटा दोरा.

वाळवी, सुपडू म्हणाला.
वाळवी इतकं सरळ खात नाही, मी म्हणाले.
रज्जाक म्हणाला, मी नही, मन्ही आन.
पण त्याआधी
एक.
दोन.
तिसरी त्यानं नाक दाबून धरली
डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

आठ दिवस आम्ही त्याच्याशी बोललो नाही.
सुपडूनं स्वतःचं दहावं सांगितलं,
त्यात सगळा वर्ग सरडे होतो
आणि गणिताचा पेपर खाऊन टाकतो.
वाईट नव्हतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी
रज्जाकच्या अब्बांनी आमची उशी पिंजून, भरून आणली.
पैसे निम्मेच घेतले.
सुरतेला निघालो, म्हणाले, आता तिकडंच.
टेम्पोत गाद्यांच्या ढिगावर रज्जाक,
मांडीवर धनुकली, तार सैल केलेली.
मला म्हणाला,
उशी उसवजो नको.
शिंकला नाही.

त्या रात्री मी कूस बदलली
तर उशी कुरकुरली.
कापूस कुरकुरत नाही.

सकाळी सुपडू ब्लेड घेऊन हजर.
मी उशीवर बसून राहिले,
दुपारच्या जेवणापर्यंत.
दार उघडल्यावर पलीकडे काय होतं
ते रज्जाकला एकट्याला माहीत,
आणि ते त्याला आवडलेलं नव्हतं, एवढं मला कळलं होतं.

आता त्या कापसाचे गोळे झालेत,
अभ्रे किती बदलले, मोजले नाहीत.
सुपडू दिवाळीला फोन करतो,
बोकडाच्या आवाजात विचारतो,
उसवली का गं?
नाही, म्हणते मी.
म्हणण्याआधी एक शिंक येते.
एकच.
तेवढ्यावरून काही ठरत नाही.