तिसरा

केयोनच्या बंदरात ओहोटी लागली
की होडी कुशीवर टेकते,
आणि रोसामेल पालथ्या डब्यावर बसतो, इंजिनापुढे.
सहा सिलिंडर. पैसे अर्ध्यांपुरते.

ब्लॉकवरच खडूनं मांडलंय त्यानं:
पहिला, दुसरा बरे.
चौथा दमलाय.
पाचवा निळा धूर ओकतो.
सहाव्यापाशी गॅस्केट पाणी सोडतं.
तिसऱ्यापुढे आकडा नाही.

तिसरा एलादिओनं बांधला होता,
थोरल्यानं, तो बुडाला त्याच्या आदल्या हिवाळ्यात.
रिंगा बसवताना बोट चेमटलं, त्यानं शिवी हासडली,
आणि आईनं ओल्या फडक्यानं हाणला होता त्याला,
एवढ्या मोठ्या दाढीवाल्याला.

रोसामेल डिपस्टिक ओढतो,
तेल अंगठ्यावर चोळून बॅटरीच्या उजेडात धरतो.
चमचम.
बारीक, खवल्यांच्या भुकटीसारखी.
म्हणजे बेअरिंगं.

"खालचं आधी कर," धक्क्यावरून एर्मिंडा म्हणते,
जाळ्याची गाठ दातात धरून,
"धुरात मासे मिळतात. क्रँक मोडला तर वल्ही मारशील?"

तो चौथा पुसतो.
पाचवा पुसताना जरा थांबतो, मग पुसतो.
बेअरिंगं, खाली दोन रेघा.
सहाव्याला गॅस्केट तेवढं.

पण हेड एकच आहे, सहांना मिळून.
ते उचललं
की तिसराही उघडा पडणार,
भावाच्या हातचं सगळं, काजळीसकट.

पाणी परत फिरलंय. होडी जराशी हलते.
खडूचा उरलेला तुकडा नखाएवढा.
तिसऱ्यापुढे तो लिहितो:
बघू.