तिर्याक

गाझिआंतेपच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
बाबा सकाळी सहालाच कॉफी मागतात.
डॉक्टरांनी बंद केलेली.
नर्स सेवगुल कमरेवर हात ठेवून हसते,
"म्हातारा पक्का तिर्याकी आहे!"

बाबांना तुर्की येत नाही,
पण हा शब्द ऐकून ते उशीवरून मान उचलतात.
"ऐकलंस, लमीस? मला उतारा म्हणाली ती.
विषावरचा."

मी सांगत नाही
की इकडे तिर्याकी म्हणजे व्यसनी,
पहिला घोट पोटात जाईपर्यंत
जगावर खेकसणारा.

हलबला आमचं दुकान होतं, अत्तारांच्या गल्लीत.
सगळ्यात वरच्या फळीवर चिनी मातीची बरणी,
तिच्यावर निळ्या शाईत: तिर्याक.
शेवटचा काफ घशाच्या तळातून आणायचा,
विहिरीतून पोहरा ओढावा तसा.
बरणी रिकामीच होती.
गिऱ्हाइकांना ठाऊक होतं,
तरी वर बघून जायची.

शब्द आपला नव्हेच, बाबा सांगायचे.
ग्रीकांकडून आला, पोटात श्वापद घेऊन:
जे चावतं, त्याच्यावरचं औषध.
आणि औषधात पुन्हा चावणारंच,
नागिणीचं मांस, मध, अफू,
साठ-सत्तर जिन्नस,
वर्षानुवर्षं मुरवलेले.
इराणात बाकी सगळं गळून गेलं, अफू तेवढी उरली.
इंग्रजांकडे नुसता काळा पाक,
पोरं पावाला लावून खातात.

आजोबांनी त्या कृतीचा उतारा काढला होता.
विसाव्या जिनसापाशी वाळवीने गाठलं,
पुढची पानं दुकानासोबत जळाली.
बाबा म्हणाले, बरं झालं,
कोणीतरी करून बघितलं असतं.

रात्री सलाइनच्या नळीत मॉर्फीन सोडतात.
"काय आहे ते?"
"तिर्याक," मी म्हणते.
खोटं कुठे आहे?
ते डोळे मिटतात, रिकाम्या बरणीकडे बघितल्यासारखे.

पहाटे सेवगुल दार लोटून घेते,
स्वतःच्या कपातली कॉफी
चमच्याने त्यांच्या ओठांना लावते. एकच थेंब.
बाबा तिला शब्द शिकवू बघतात: काफ, काफ.
ती म्हणते क.
पुन्हा क.

"असू दे," बाबा मला म्हणतात,
"हिच्या विहिरीला पाणी वरच आहे."