स्वामित्वधन

गिरणेकाठच्या गावचा मी कोतवाल.
नाक्यावर, चिंचेखाली,
एक पाय तुटका असलेल्या खुर्चीत
तोल सांभाळत नदी मोजतो.
तीन ब्रास. चार ब्रास.
पाच, पण पावती तिनाची.

पावतीवर छापलंय : स्वामित्वधन.
साहेबांना एकदा विचारलं, यातला स्वामी कोण?
म्हणाले, शासन.
आणि शासन?
म्हणाले, कोतवाल, चहा सांगा.

सुपडाबाई भोईणीची डांगरवाडी असायची पात्रात.
कोपरभर खणलं की झिरा फुटायचा,
वेलाला पाणी ओंजळीनं.
डांगर फोडलं की पहिली फोड वासराला,
मग गिऱ्हाईक.
आता काठावरून खड्ड्यांकडे बघते नुसती,
दाढ काढलेल्या जागी जीभ जाते
तशी नजर पुन्हा पुन्हा.
"हाई नदी कोनी शे रे?"
मी पावतीपुस्तक चाळलं.
त्यात नंबर होते.

खोटं कशाला बोलू.
माझा पुतण्या झिपरू डंपर चालवतो.
त्याची बायको अडली तेव्हा
जळगावच्या दवाखान्यात अठ्ठेचाळीस हजार भरले, रोख.
दोघी वाचल्या.
पोरीच्या कानातलं गुंजभर सोनं
तेही वाळूचंच.
बारशाला मी दोन पेढे खाल्ले,
तिसरा खिशात टाकला.

शाळेची नवी खोली जोत्यावर थांबलीय, तीन वर्षं.
ठेकेदार म्हणतो, वाळूचा भाव परवडत नाही.
शाळेपासून नदी चालत चार मिनिटं.
पोरं जोत्यावर बसून पाढे म्हणतात,
डंपर गेला की गप्प होतात,
धूळ बसली की
बरोब्बर त्याच आकड्यापासून पुढे.

पुण्यात म्हणे, नाशकात म्हणे,
आमची नदी बाराव्या मजल्यावर उभी आहे.
तिथून काय दिसतं, ठाऊक नाही.

यंदा मला घरकुल मंजूर झालं.
कागदावर पाच ब्रास मोफत.
कागद तहसिलात राहिला,
वाळू मी झिपरूकडून घेतली,
रात्री, विकत.
बत्ती विझवून आला, पुतण्या असला तरी
पैसे मोजून घेतले त्यानं.
सकाळी गवंडी चाळायला बसला.
चाळणीत एक शिंपला राहिला,
अर्धा, आतून निळसर.
फेकू का, म्हणाला.
मी म्हटलं, थांब.

सुपडाबाईला नेऊन दिला.
तिनं उलटा केला, नखानं रेती काढली,
उन्हात धरला,
आणि माझ्याकडे न बघताच विचारलं,
"इनी पावती फाडी का रे?"