शिडी

आमच्या ह्यांनी वाचनालयातून पुस्तक आणलंय.
इंग्रजी. पुठ्ठा नाही, पहिलं पान नाही,
तिसऱ्या पानावर निजामाच्या वेळचा शिक्का,
उर्दूत, जांभळा, अर्धा पुसलेला.
"विनोदी आहे," म्हणाले चष्मा पुसत,
जसं कुणी सांगावं, काढा कडू आहे.

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं
ह्यांनी कालव्याच्या पाण्याचा हिशेब लिहिला.
आता आमच्या नळाला आठ दिवसांनी येतं
त्याचाही लिहितात, तांबड्या शाईत.

दुपारी कूलरसमोर बसून मला अर्थ सांगतात.
लंडनच्या कडेला एक कॉलनी आहे म्हणे,
परभणीत आपला वसमत रोड तशीच, फक्त ओली.
तिथं ब्लेंकिन्सन नावाचा कारकून राहतो.
माझ्या जिभेला ते वळेना,
मी त्याला ब्लेंकीभाऊजी म्हणते.

तर भाऊजींची शिडी शेजाऱ्यानं नेली,
चार दिवसांसाठी.
झाले सात महिने. मागायची कशी?
भाऊजी कुंपणापाशी जातात, घसा साफ करतात,
ढगांबद्दल बोलतात, परत येतात.
रात्री पत्र लिहितात, "महोदय" पासून
"आपला विश्वासू" पर्यंत, सकाळी फाडतात.
एकदा तर त्याच्याकडं चहाला गेले
आणि त्याच शिडीवर चढून
त्याचाच पडदा टांगून आले.

इथं ह्यांना हसू आवरेना.
ठसका लागला, मी पाठ चोळली, पाणी दिलं.
"काय बावळट माणूस आहे!"

मी खिडकीतून बघायले.
कच्छवे सरांच्या भिंतीला आमची शिडी,
दसऱ्याला रंग द्यायचा म्हणून नेलेली.
खालच्या पायरीवर पायपुसणं वाळतंय,
मधल्यांवर नातवाची बनियनं,
अन् सगळ्यात वर त्यांचं मांजर,
सातबारा नावावर असल्यासारखं.

मी बोलले नाही काही.
आमची टाकी धुवायची असली की
हे टेबलावर स्टूल ठेवतात, स्टुलावर पाट,
आणि मला म्हणतात, घट्ट धर.

गुरुवारी गोष्ट अडली.
शेवटची अकरा पानं वाळवीनं खाल्लेली.
शिडी आली का नाही, कळायला मार्ग नाही.
रात्रभर हे कूस बदलत राहिले.
"मागितलीच असेल त्यानं.
माणसाला कणा असतो का नाही?"
"असतो की," मी म्हटलं,
"पण उगं कामून वापरायचा?"

दुसऱ्या दिवशी, उन्हं उतरल्यावर,
ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला,
बाह्या खाली सोडून गुंड्या लावल्या.
पुस्तक काखेत, का कोण जाणे.
फाटकापाशी थांबून घसा साफ केला
आणि वळले. कच्छवेंकडं!
मी धावत मागच्या बोळात गेले,
कोळशाची पोती सरकवली, शिडीएवढी जागा केली.

पाऊण तासानं आले.
हात मोकळे, मिशीला चिवड्याची हळद.
"शिडी?"
"यंदा ऊन फार आहे म्हणाले."
"आणि?"
"रिटायर झाल्यापासून वेळ जाईना म्हणाले."
"मग?"
"मग पुस्तक देऊन आलो."

रात्री लाइट गेली. आम्ही अंगणात बाजा टाकल्या.
पलीकडं कच्छवे सर आमच्या शिडीवरून
त्यांच्या स्लॅबवर चढले,
एका हातात बॅटरी, एका हातात पुस्तक.
मांजर मागोमाग.

बराच वेळ नुसती पानं वाजली.
मग वरून एकदम हसू फुटलं,
खाली येईपर्यंत त्याचा खोकला झाला.
"काय बावळट माणूस आहे हो!"

"कुठवर आले असतील?" अंधारात ह्यांनी विचारलं.
"शिडीपर्यंत," मी म्हटलं.

सोमवारी मुदत संपते पुस्तकाची.
उशीर झाला तर रोज एक रुपया.
हे वही काढून बसलेत,
दंड लिहायलेत, तांबड्या शाईत.